हिमोफिलियातला रक्तस्राव आणि त्याचं बिल: नागपूर-विदर्भातल्या कुटुंबांसाठी खर्चाचा हिशेब

हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक, म्हणजेच फॅक्टर, कमी असण्याचा आजार. ब्लीडिंग झालं की तोच फॅक्टर औषध म्हणून शिरेतून द्यावा लागतो, आणि तो युनिटांत मोजतात. हिमोफिलियाच्या बिलाचा मोठा भाग दोन आकड्यांचा गुणाकार असतो: एका युनिटचा दर आणि लागलेली युनिटं. दरावर घरच्यांचा फारसा जोर चालत नाही. युनिटांवर चालतो, तोही पहिल्या दोन तासांत. गुडघ्यात मुंग्या आल्या तेव्हा दिलेला फॅक्टर आणि गुडघा टम्म फुगल्यावर दिलेला फॅक्टर यांत औषध तेच असतं, पण दुसऱ्या वेळी ते कितीतरी पट लागतं. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे ते बहुतेक ब्लीडिंग नसतानाच करून ठेवायचं आहे.

आधी निदानाचा कागद

नुसतं ‘हिमोफिलिया’ लिहिलेला जुना केसपेपर रात्री दोन वाजता कामाचा नसतो. हिमोफिलिया ए म्हणजे फॅक्टर ८ कमी, बी म्हणजे फॅक्टर ९ कमी. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. पातळी १ टक्क्याच्या खाली असेल तर आजार तीव्र, १ ते ५ असेल तर मध्यम आणि ५ ते ४० असेल तर सौम्य. कार्डावर पाच गोष्टी हव्यात: प्रकार, टक्केवारी, इनहिबिटरचा (फॅक्टर निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांचा) शेवटचा रिपोर्ट तारखेसह, आजचं वजन आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर. लहान मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी नवं लिहा, कारण डोस वजनावर ठरतो.

तपासणीत पैसे वाया जातात ते नमुन्यापायी. फॅक्टरची चाचणी निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये होते आणि ती खुणेपर्यंत भरावीच लागते. अर्धी भरलेली ट्यूब किंवा उन्हात स्कूटरच्या डिकीतून तीन तास फिरलेला नमुना खोटा आकडा देतो, मग तीच महागडी चाचणी पुन्हा करावी लागते. गावात रक्त काढून नागपूरला पाठवण्यापेक्षा पेशंटनेच लॅबमध्ये जाऊन रक्त देणं स्वस्त पडतं.

फॅक्टर ८ कमी निघाला म्हणजे हिमोफिलिया ए असेलच असंही नाही. वॉन विलेब्रँड या रक्त न गोठण्याच्या दुसऱ्या आजारातही फॅक्टर ८ कमी दिसतो, विशेषतः मुलीत कमी दिसला तर हे तपासायलाच हवं. नेहमीच्या रिकॉम्बिनंट (रक्तातून न काढता प्रयोगशाळेत बनवलेल्या) फॅक्टर ८ मध्ये वॉन विलेब्रँड फॅक्टर नसतो. तो दिला की पैसे जातात आणि रक्त वाहतच राहतं.

युनिटांचं गणित

फॅक्टर ८ साठी वजन किलोत × जितकी टक्के पातळी वाढवायची तो आकडा × ०.५. फॅक्टर ९ साठी वजन × टक्के, ०.५ ने गुणायचं नाही. रिकॉम्बिनंट फॅक्टर ९ ला याहून थोडी जास्त युनिटं लागतात. किती टक्के गाठायचे ते डॉक्टर ठरवतील, पण गुणाकार घरच्यांनाही यायला हवा.

२० किलोचा मुलगा, हिमोफिलिया ए, गुडघ्याचं ब्लीडिंग, ४० टक्के गाठायचे: २० × ४० × ०.५ = ४०० युनिटं. व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) सहसा २५०, ५०० आणि १००० युनिटांच्या मिळतात, म्हणून ५०० ची एक. वरची १०० युनिटं फेकायची नाहीत, फोडलेली व्हायल पूर्ण द्यायची. हाच मुलगा बी चा असता तर ८०० युनिटं लागली असती.

आता उशिराची किंमत बघा. ६० किलोचा माणूस, हिमोफिलिया ए. फक्त हिशेबाच्या सोयीसाठी एक युनिट १० रुपये धरू. हा बाजारभाव नव्हे. गुडघ्याचं ब्लीडिंग लवकर पकडलं: १२०० युनिटं, लागलंच तर आणखी एकदा १२००. एकूण २४०० युनिटं, म्हणजे २४ हजार रुपये. हाच माणूस जांघेतलं दुखणं दोन दिवस अंगावर काढतो आणि मांडी सरळ होईना तेव्हा येतो. हा सोआस स्नायूतला रक्तस्राव. इथे सुरुवातीला ८० टक्के धरले तर २४०० युनिटं लागतात. फॅक्टर ८ दर ८ ते १२ तासांनी निम्मा होतो, म्हणून पुढे दर १२ तासांनी १२०० युनिटं. पाच दिवसांत दहा डोस, म्हणजे १३,२०० युनिटं आणि १ लाख ३२ हजार रुपये. खोलीचं भाडं वेगळं, आणि पाच दिवसांत भागलं तर.

हे डोस भरपूर औषध हाताशी असलेल्या ठिकाणचे आहेत. साठा कमी असलेल्या केंद्रांसाठी जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतच सांध्याच्या ब्लीडिंगला १० ते २० टक्के पातळी मान्य आहे. तेव्हा सरकारी दवाखान्यात ६० किलोच्या माणसाला ६०० युनिटं देऊन घरी पाठवलं तर लगेच भांडायला उठू नका. लवकर दिलेली ६०० युनिटं बऱ्याचदा काम करतात. मात्र डोक्याच्या माराला ही काटकसर चालत नाही. तिथे ८० ते १०० टक्के धरतात, म्हणजे याच माणसाला पहिल्या डोसला २४०० ते ३००० युनिटं.

पहिला तास

सूज दिसायच्या आधीच सांध्यात मुंग्या येतात, तो कोमट लागतो, मूल पाय दुमडून बसतं. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोर लंगडायला लागलं तर ‘दमलं असेल’ म्हणून झोपवू नका.

पाय उशीवर उंच ठेवा, बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा, क्रेप बँडेज सैलसर बांधा, पायावर भार देऊ नका. आणि फॅक्टर द्या. बर्फ फॅक्टरची जागा घेत नाही, तो दुखणं कमी करतो इतकंच. दुखण्याला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काहीही नको. मालिश नको आणि हाड बसवणारा तर नकोच. एका मालिशीने एका डोसचं ब्लीडिंग आठवडाभराचं होतं.

विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. सांधा दुखणारं मूल गावच्या दवाखान्यात नेलं की सिकलसेलचा त्रास समजून कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं जाण्याची भीती असते. हिमोफिलियात स्नायूत दिलेलं कुठलंही इंजेक्शन म्हणजे नवं ब्लीडिंग. कार्डावर लाल शाईने लिहा: ‘स्नायूत इंजेक्शन देऊ नये.’ लसही त्वचेखाली, बारीक सुईने, नंतर पाच मिनिटं जागा दाबून ठेवायची.

तोंडातलं रक्त, पडलेला दात, नाकाचा घोळणा यांना बऱ्याचदा फॅक्टरची गरज पडत नाही. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या स्वस्त असतात आणि घरात असाव्यात. नेहमीचा डोस किलोमागे २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. २० किलोला एक गोळी. गोळी कुटून थोड्या पाण्यात चूळ म्हणून दोन मिनिटं तोंडात धरली तरी हिरडीचं रक्त थांबायला मदत होते. लघवीतून रक्त जात असेल तर मात्र ही गोळी देऊ नका. गुठळी होऊन मूत्रमार्ग अडू शकतो. तिथे भरपूर पाणी, विश्रांती आणि डॉक्टरांना फोन.

डोक्याला मार, मानेला सूज, पोटात दुखणं, जीभ सुजणं: यांत आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. हा क्रम उलटला की जीवही धोक्यात आणि बिलही. कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला हे नम्रपणे पण ठाम सांगा, आणि कार्डावर लिहिलेलं दाखवा.

नागपुरात जायचं कुठे

मेडिकल, मेयो, गांधीबागेतलं डागा रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. पश्चिम विदर्भातल्यांना अमरावतीचं जिल्हा रुग्णालय जवळ पडतं. सरकारी दवाखान्यात फॅक्टर मोफत मिळतो, पण तुम्हाला हवा तो, हवा तेवढा आणि हव्या त्या वेळी असेलच असं नाही. साठा संपतो, पुरवठा लांबतो, आणि कुटुंबाला बाहेरून विकत घ्यावा लागतो. म्हणून ब्लीडिंग नसताना एक दिवस ओपीडीत जाऊन नाव नोंदवा आणि चार गोष्टी विचारून लिहून ठेवा: ८ आणि ९ पैकी काय आहे, किती युनिटांच्या व्हायल आहेत, रात्री आणि रविवारी फॅक्टरच्या फ्रीजची चावी कोणाकडे असते, आणि कोणत्या नंबरवर फोन करून निघायचं. चावीचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण अनेक रात्री त्याच एका चावीपायी बाहेरून व्हायल घ्यावी लागते.

फॅक्टर कुठेच मिळाला नाही तर हिमोफिलिया ए ला क्रायो (रक्तपेढीत दात्याच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या द्रव भागापासून, काढलेला घटक) चालतं. एका पिशवीत फॅक्टर ८ ची साधारण ७० ते ८० युनिटं असतात, म्हणजे १२०० युनिटांना पंधरा-सोळा पिशव्या. क्रायोत फॅक्टर ९ नसतो. बी च्या पेशंटला प्लाझ्मा द्यावा लागतो, आणि त्यातून पातळी फार वर नेता येत नाही. दोन्ही नाइलाजाचे मार्ग आहेत. फॅक्टरवर विषाणू मारण्याची जी प्रक्रिया होते ती या पिशव्यांवर सहसा झालेली नसते.

खासगी रुग्णालयात गेलात तर बिल फुगतं ते खोलीमुळे आणि चाचण्यांमुळेही. साध्या सांध्याच्या ब्लीडिंगला भरती व्हायची गरज क्वचितच पडते. डे-केअरमध्ये डोस घेऊन घरी जाता येतं का ते विचारा. निदान पक्कं असताना एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) रोज करून काही हाती लागत नाही. फुगलेल्या गुडघ्यात सुई घालून रक्त काढू असं कोणी म्हणालं तर आधी हिमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञाला) फोन लावून द्या. भरतीच्या वेळी रुग्णालयाला फॅक्टर बाहेरून आणलेला चालेल का, हेही लेखी विचारा.

विकत घ्यायची वेळ आली तर

फॅक्टर ८ आणि ९ राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे सरकारने ठरवलेल्या कमाल किमतीच्या वर ते विकता येत नाहीत. पण छापील किंमत ही फक्त वरची मर्यादा असते. तुलना व्हायलच्या किमतीची करू नका; किंमत भागिले युनिटं करून एका युनिटचा दर काढा. दवा बाजारात दोन ठिकाणी विचारा, आणि हिमोफिलिया सोसायटीच्या नागपूर चॅप्टरकडे नाव नोंदवलेलं असू द्या. १९८३ साली स्थापन झालेली हिमोफिलिया फेडरेशन ही या चॅप्टरांची मातृसंस्था. फॅक्टर सवलतीत कुठे मिळेल हे तिथल्या लोकांना इतर कोणापेक्षा आधी कळतं.

घेताना मुदत, बॅच नंबर आणि बिल हे तिन्ही बघा. व्हायल दुकानातल्या फ्रीजमधून तुमच्या डोळ्यांसमोर निघाली पाहिजे. टेबलावर ठेवलेली घेऊ नका. परदेशातून देणगी म्हणून आलेल्या व्हायलवर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं असतं. तिचे कोणी पैसे मागितले तर तिथेच प्रश्न विचारा.

फ्रीज, ऊन आणि सुई

२ ते ८ अंश, मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि बर्फाच्या खणाला टेकून तर नाहीच. गोठलेला फॅक्टर वितळवून चालत नाही, तो गेला. काही ब्रँडच्या पत्रकात ‘२५ किंवा ३० अंशांपर्यंत काही महिने बाहेर चालेल’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून नागपुरात मे महिन्यात व्हायल कपाटात ठेवू नका. बाहेर ४५ असताना घरातली खोली ३० वर राहत नाही. एकदा बाहेर काढलेली व्हायल बाहेरच ठेवायची असेल तर तारीख टाका, पुन्हा फ्रीजमध्ये ढकलू नका. गडचिरोली-भंडाऱ्याहून येणाऱ्यांनी थर्मासचा डबा आणि जेल पॅक वापरावे, मधे टॉवेलची घडी घालावी म्हणजे व्हायल बर्फाला चिकटणार नाही.

घरी टोचायला शिकलात तर खर्चात सर्वांत मोठा फरक पडतो, कारण प्रवासाचे तीन तास वाचतात. शिकणं नर्सच्या हाताखालीच व्हावं. क्रम असा: हात साबणाने धुवा, व्हायल आणि पाणी दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गरम पाण्यात बुडवू नका. रबर स्पिरिटने पुसून वाळू द्या. दुतोंडी सुई असेल तर आधी पाण्याच्या बाटलीत टोचा, मग फॅक्टरच्या व्हायलमध्ये. उलट केलं तर आतली निर्वात पोकळी जाते आणि पाणी ओढलंच जात नाही. मग व्हायल हलकेच गोल फिरवा. खळखळ हलवली तर फेस होतो आणि प्रथिन खराब होतं. फिल्टर सुईने सिरिंजमध्ये घ्या, बटरफ्लाय सुईने हळू द्या. मोठ्या माणसालाही मिनिटाला ३ मिलिलिटरच्या वर नको. कालवलेला फॅक्टर तीन तासांच्या आत संपवा, तो फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. शेवटी पाच मिनिटं शीर दाबून धरा. तीच तर पुढच्या वेळी लागणार आहे.

व्हायलचं स्टिकर वहीत चिकटवा, शेजारी तारीख, वेळ, कुठला सांधा, किती युनिटं. ही वही पुढे जागोजागी लागते.

दोन डोसांत फरक पडला नाही तर

फॅक्टर देऊनही रक्त थांबत नसेल तर तिसरी-चौथी व्हायल फोडण्याआधी इनहिबिटरची तपासणी करा. इनहिबिटर म्हणजे शरीराने फॅक्टरविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांत ती तयार होतात, बहुधा सुरुवातीच्या ५० डोसांच्या आत. बेथेस्डा चाचणीत ५ युनिटांच्या वर आकडा आला तर नेहमीचा फॅक्टर जवळपास वाया जातो. चाचणीचे पैसे वाचवण्याच्या नादात लाखभराचा फॅक्टर वाया जाऊ शकतो. लहान मुलाची ही चाचणी पहिल्या वर्षांत वारंवार आणि कुठल्याही शस्त्रक्रियेआधी हवीच.

इनहिबिटर असला की खर्चाचं मापच बदलतं. नेहमीच्या फॅक्टरऐवजी रिकॉम्बिनंट फॅक्टर ७ए किलोमागे ९० मायक्रोग्रॅम, दर दोन-तीन तासांनी. ६० किलोला एका डोसला ५.४ मिलिग्रॅम, दर दोन तासांनी दिला तर दिवसाला ६४.८ मिलिग्रॅम. दुसरा पर्याय फेईबा (इनहिबिटर असतानाही रक्त गोठवणारं फॅक्टरांचं मिश्रण), किलोमागे ५० ते १०० युनिटं, ८ ते १२ तासांनी, दिवसाला किलोमागे २०० च्या वर नाही. कोणतं लागू पडतं हे पेशंटगणिक वेगळं असतं, आणि वहीतली नोंद इथे हजारो रुपये वाचवते.

एमिसिझुमॅब हे हिमोफिलिया ए मधलं त्वचेखाली द्यायचं औषध रक्तस्राव टाळण्यासाठी आहे, चालू रक्त थांबवण्यासाठी नाही. पहिले चार आठवडे दर आठवड्याला किलोमागे ३ मिलिग्रॅम, मग आठवड्याला १.५, पंधरवड्याला ३ किंवा चार आठवड्यांनी ६. लहान मुलांत वेळापत्रकावर किती औषध वाया जाईल ते ठरतं. १२ किलोच्या मुलाला आठवड्याला १८ मिलिग्रॅम लागतात, म्हणजे दर वेळी ३० ची व्हायल फोडायची. चार आठवड्यांत १२० मिलिग्रॅमचे पैसे. चार आठवड्यांनी एकदाच ७२ दिले तर ६० आणि ३० मिळून ९० त भागतं. मात्र ३० ची व्हायल बाकीच्यांपेक्षा पातळ असते, ती दुसऱ्या व्हायलबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायची नाही. दोनदा टोचावं लागतं. या औषधावर असलेल्या पेशंटला फेईबा शक्यतो टाळतात, मोठ्या डोसने रक्तात गुठळ्या होण्याचा गंभीर धोका असतो. एपीटीटीही खोटा चांगला दिसतो. कार्डावर औषधाचं नाव हवंच.

इनहिबिटर नसलेल्या मुलाला कमी डोसचा नियमित फॅक्टर परवडतो का, ते गणित करून बघा. २० किलोला २५० युनिटं आठवड्यातून दोनदा, वर्षाला २६,००० युनिटं. त्याच मुलाची वर्षात ३० ब्लीडिंग होत असतील आणि प्रत्येकाला ५०० चे तीन डोस लागत असतील तर ४५,००० युनिटं, शिवाय शाळेचे बुडालेले दिवस आणि वाकडा झालेला गुडघा.

योजना आणि कागदपत्रं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. तपासणीला जाताना फॅक्टरचा रिपोर्ट, सांध्यांचे एक्स-रे आणि ती वही न्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण पैसे ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर मिळतात. दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या प्रतिनिधीला) विचारा की नेमक्या कोणत्या पॅकेजखाली मंजुरी मागणार आणि फॅक्टर त्यात धरलाय का. हेल्पलाइन १५५३८८.

धर्मादाय रुग्णालयांचा पर्याय लोक विसरतात. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न निर्धनांना १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बलांना ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदारांचा दाखला आणि रेशनकार्ड भरतीच्या वेळीच दाखवा; बिल तयार झाल्यावर दाखवलं तर वाद होतो. जागा नाही म्हणाले तर नागपूरच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

नोकरदारांनी आधी आपल्या आस्थापनेचं दार ठोठवावं. कोळसा खाणी, रेल्वे, आयुध निर्माणी यांची स्वतःची वैद्यकीय सोय असते. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकांना ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा). कंपनीच्या सामूहिक विम्यात आधीचे आजार बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. वैयक्तिक पॉलिसीत हिमोफिलिया लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो.

आयकरात जुनी करपद्धत निवडली तरच फायदा. १९६१ च्या कायद्यातल्या ८०डीडीबी कलमाखाली हिमोफिलियाच्या प्रत्यक्ष खर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट होती, त्याला तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागायचं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या अवलंबितासाठी वेगळी ७५ हजारांची, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला क्रमांक न सांगता आजाराचं नाव सांगा. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या तीव्र आणि मध्यम हिमोफिलियाच्या रुग्णांना रेल्वेत ठरावीक नमुन्यातल्या डॉक्टरी प्रमाणपत्रावर सवलत मिळते. एसटीच्या सवलतींच्या यादीतही हिमोफिलियाचे रुग्ण आहेत.

दात काढायचा असेल, शस्त्रक्रिया असेल किंवा घरातल्या वाहक मुलीचं बाळंतपण असेल, तर फॅक्टरची मागणी महिनाभर आधी लेखी द्या आणि पोच घ्या. कार्डाच्या दोन झेरॉक्स काढा. एक फ्रीजच्या दारावर, दुसरी मुलाच्या दप्तराच्या आतल्या खिशात, प्लास्टिकमध्ये.